उजेडाचं टेबल

बोट्सफ्योर्डच्या मासळी कारखान्यात
एक टेबल आहे, खालून उजेड येणारं.
त्यावरून कॉडचे तुकडे सरकत येतात
आणि आपण डोळ्यांत तेल घालून
त्यांतले जंत शोधायचे,
तपकिरी, वेटोळे, जिऱ्याएवढे,
चिमट्याने उपसून डबीत टाकायचे.
चार वर्षं मी त्यात पटाईत होते.

मग ऑगस्टमधली ती रात्र.
योस्टेनच्या काकाची खोपी,
जिभेवर नखाएवढा कागद.
वाईट नव्हती ती रात्र, हे मी कुणाला सांगत नाही.
शेवाळ श्वास घेत होतं,
योस्टेनने सगळी वाफल्स करपवली
आणि आम्ही तीच हसत खाल्ली.
सकाळी त्याचं ओसरलं.
माझं राहिलं.

जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, तसं.
भिंतीवर, दुधावर,
आईच्या कपाळावर.
हात हलवला की मागे हातांची रांग.
पान उलटलं तरी
आधीच्या पानाच्या ओळी नव्या पानावर.

सप्टेंबरात टेबलापाशी उभी राहिले,
पहिल्याच तुकड्यात सातशे जंत.
दुसऱ्यातही.
चिमटा हवेतच राहिला, पट्टा थांबला नाही.
माझ्या उजवीकडची झिविले, कौनासची,
काही न विचारता माझेही तुकडे तपासू लागली.
तीन आठवडे.
मग मुकादमाने मला खोकी चिकटवायला पाठवलं.

किर्केनेसच्या डॉक्टरने थेंब घातले, आत पाहिलं,
"डोळे उत्तम आहेत," म्हणाला,
अभिनंदन केल्यासारखं.
ट्रोम्सोच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं,
लांबलचक, इंजिनाच्या सुट्या भागाचं असावं तसं.
"जाईल?"
"काहींचं जातं.
काहींचं राहतं, आणि राहिलंय हे ते विसरतात."
विसरतात! मी बसमध्ये रडले.

नोव्हेंबरात सूर्य गेला.
अंधारात तर ते अधिकच, डोळे मिटूनही.
उठल्या उठल्या छताकडे बघायची: आहे का?
आहे.
दात धुताना: आहे का?
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तशी नजर, दिवसातून शंभरदा.
रात्र रात्र डोळा लागायचा नाही.
आई दाराबाहेर उभी राहायची,
तिला वाटे मला ऐकू येत नाही.

फेब्रुवारीत एकदाचं सांगितलं तिला.
ती बराच वेळ टेबल पुसत राहिली.
मग म्हणाली, "तुझ्या बाबांच्या कानात
चोवीस वर्षं शिट्टी वाजतेय, ट्रॉलरच्या इंजिनाची.
ठाऊक होतं तुला?"
नव्हतं.
"कुठली शिट्टी?" बाबा पेपरातून म्हणाले.
थोडं थांबून,
"हां. ती. आता दिवसभर वाजणार. आभारी आहे."

कॉफी सोडली, बिअर सोडली.
दहाला अंथरुणात.
भिंती तपासणं सोडणं सगळ्यात अवघड गेलं,
अजून पुरतं सुटलं नाही.
योस्टेन भेटतो, माझ्या डोळ्यांकडे बघत नाही.
त्याच्यावर रागावून पाहिलं,
पण कागद मीच मागितला होता.

एप्रिलात मुकादम म्हणाला, एक पाळी करून बघ.
उजेडाच्या टेबलापाशी तीच जागा,
तेच सातशे.
मी मान किंचित डावीकडे नेली.
ठिपके माझ्याबरोबर आले.
तीन मात्र जागचे हलले नाहीत.
ते माशाचे.
चिमटा.
डबी.

"कोंबडीसारखी मान काय हलवतेस?" झिविले म्हणाली.
सांगितलं तिला. तिनेही हलवून पाहिली.

पूर्वीच्या निम्मेच होतात अजून.
काल दोन सुटले माझ्याकडून, तिने धरले.
सुट्टीत खिडकीपाशी उभ्या होतो,
मी विचारलं, बाहेर बर्फ पडतोय का गं?
"हो," ती म्हणाली, सँडविच सोडवत.
मग बघून,
"नाही. थांबलाय."