तीन शिडं

पहाटे डोर्थेचा निरोप : खिडक्या वाजतायत.
एवढंच. आमच्यात एवढं पुरतं.
प्रेबेननं दवाखान्याला कुलूप लावलं,
कुणाची तरी दाढ आजचा दिवस दुखत राहील.
मी कारखान्यातली सकाळ देऊन रात्र घेतली,
वर नाताळची एक पाळी.
महाग पडलं. पण वारा नैऋत्येचा होता
आणि तो उधार ठेवता येत नाही.

किनाऱ्यावर गाडीचं दार दोघांनी धरून उघडायचं,
एकट्यानं उघडलं तर दार जातं.
वाळू नडग्यांना टोचत पळते.
वर ओढून ठेवलेल्या मासेमारीच्या होड्या
कान पाडून बसल्यात.
बोललेलं पोचत नाही, म्हणून बोटांनी विचारायचं :
किती मीटरचं शीड?
डोर्थे तीन बोटं, मग अर्धं.
प्रेबेन साडेचार. नेहमीसारखं एक जास्त.

एयविंद बंकरवर चढून बसलाय.
परक्या सैन्यानं ओतलेलं ते काँक्रीट
दर हिवाळ्यात थोडं समुद्राकडे कलतं.
त्याच्या खांद्यात दोन स्क्रू आहेत.
डॉक्टरनं पाण्याला नाही म्हटलं,
किनाऱ्याला म्हणायचं राहिलं.
तो आम्हांला मोजतो.
तीन.

आणि मग फळी उठते.
पाणी घट्ट होतं, खडीच्या रस्त्यासारखं,
टाचा हादरतात, दाढा हादरतात,
हुक दोरीत, कंबर वाऱ्याला टांगलेली,
आणि मी, पन्नाशीची, गुडघ्यांतलं वंगण संपलेली,
वारा प्यायलेलं वासरू.
ओरडते. काय ते मलाच कळत नाही.
समोरून डोर्थे, लाटेच्या माथ्यावरून सुटून
क्षणभर हवेत, फळीचं पोट दाखवत.
बंदरावर माशांचा लिलाव पुकारणारी डोर्थे,
जिच्याशी खरेदीदार भाव करत नाहीत,
सगळे दात काढून हसत माझ्या शेजारून जाते.

तीन, म्हणत असेल एयविंद.
तीन.
तीन.

आवाज आला की नाही, सांगता येणार नाही.
दिसलं एवढंच : प्रेबेनचं शीड मधेच दुमडलं
आणि पुन्हा वर आलं नाही.
बंकरवर एयविंद उभा राहिला,
चांगला हात वर.

कुणाला वाऱ्यावर सोडणं
हे घरात बसून बोलायचे शब्द.
इथे वाऱ्यावर सुटलेला माणूस दिसतो :
नारिंगी हेल्मेट. गेलं. आलं.
गेलं.
त्याला ओढता येत नाही, उचलता येत नाही,
फक्त येरझारा घालता येतात त्याच्याभोवती.
एकदा डोर्थे, एकदा मी, जवळून, आणखी जवळून,
म्हणजे पोहताना त्याला कळावं
की मोजणी चालू आहे.
प्रवाह त्याला उत्तरेकडे नेत राहिला,
आम्ही प्रवाहाबरोबर.
आणि किनाऱ्यानं, भर दुपारी दिवे लावून,
एका हातानं व्हॅन हाकत एयविंद.

पाऊण तासानं प्रेबेन वाळूवर आला,
फळी बगलेत, मागे फरपटणारं शीड,
मोडक्या डोलकाठीचं अर्धं आत, अर्धं समुद्राला.
गुडघ्यांवर बसला. खोकला.
म्हणाला, साडेचार मोठं झालं.
हे कबूल करायला अठरा वर्षं लागली.

व्हॅनमध्ये थर्मासचं झाकण कुणालाच उघडेना,
बोटं आमची राहिली नव्हती.
एयविंदनं थर्मास मांड्यांत दाबून उघडला,
तीन कप भरले.
स्वतःसाठी चौथा भरायला विसरला,
मग तो प्रेबेनच्या कपातूनच प्यायला,
काही न बोलता, अर्ध्यापेक्षा जास्त.

रात्री कारखान्यात पट्ट्यावरच्या हेरिंगवर वाकले
आणि नाकातून समुद्र सांडला.
चांगला ओंजळभर, खारट, अजून थंड.
शेजारच्या आग्नेथनं पाहिलं,
पट्टा थांबवला नाही.
खिशात फोन थरथरला : शेडमध्ये जुनी डोलकाठी आहे.
जराशी वाकडी.
उद्या?