विरळ दातांची फणी

नीमा हे नाव देवगडानं पहिल्याच दिवशी नीट उच्चारलं.
तेवढं एकच नीट झालं त्या दिवशी.
स्टँडवरच्या रिक्षावाल्यानं आरसा वळवला
आणि बंदरापर्यंत रस्त्यापेक्षा तिलाच जास्त पाहिलं.
मी मांडीवर ट्रंक घेऊन गप्प.
बावीस वर्षं जहाजांच्या पोटात तेल घालून
एवढंच आणलेलं: गुडघेदुखी, ट्रंक,
आणि टांगा बंदरात, जहाजांना भाजी पुरवणाऱ्या दुकानात
हिशोब लिहिणारी ही बाई,
जिनं आमच्या कुकची चोरी एका बेरजेत पकडली होती.
"टांगा?" भाऊ म्हणाला, "मगे घोडो खय?"
जेवणं होईस्तोवर तेवढाच विनोद पुरला.

आडाळ्याला ती बकरी म्हणते.
तिच्या गावी म्हणतात तसं:
पाठीवर बसायचं, दाते पुढे, नारळ खवायचा.
पहिल्या वर्षी भामाकाकी कुंपणापलीकडून हसली.
तिसऱ्या वर्षी तिनंच हाक मारली,
"गो नीमा, तुजी बकरी दी गो घटकाभर."
आता वाडीतल्या चार घरांत बकरी आहे
आणि चतुर्थीला मुंबईहून आलेल्या सुना
दूध किती देते विचारतात.

देवळाच्या पायरीवर कोण आधी सरकून बसलं
तेही लक्षात आहे माझ्या.
नाव घेत नाही.
माणूस अजून जिवंत आहे
आणि अडीनडीला होडी त्याचीच मागावी लागते.

मुलाला रोज कोणीतरी विचारतं,
कोणाचो रे तू?
कोयंड्यांचो.
ता झाला. पण मूळचो खयचो?
तो बोट दाखवतो. हयसर, त्या माडापाठी, निळा दार.
पोरगं खरं तेच सांगतं.
विचारणाऱ्याला दार नको असतं.

पाच वर्षांचा होता तेव्हा बाबल न्हाव्याकडे नेला.
फणीचा दात तुटून केसांतच राहिला.
बाबल कात्री धरून उभा,
जाळ्यात अनोळखी मासा आल्यावर
आम्ही उभे राहतो तसा,
ठेवावा की सोडावा.

यंदा जत्रेत शाळेच्या पोरांचं दशावतारी नाटक.
मास्तर म्हणाले, हसत, बहुतेक प्रेमानंच,
"राक्षस तू हो. तुका रंग लावची गरज नाय."
सगळे हसले. तोही हसला.
काम चांगलं केलं त्यानं, तलवार जोरात फिरवली,
लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.
रात्री घरी आला आणि न्हाणीत शिरून
कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.
नीमा दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी.
पाण्याचा आवाज थांबेना.
आम्हां दोघांनाही ठाऊक होतं,
रंग लावलाच नव्हता.

सकाळी म्हणाला, गोटो करूचो हा.
मी काही बोललो नाही. नेला.
बाबलनं ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही,
ड्रॉवर ओढला.
ब्लेडची पाकिटं, मागल्या सालचं कॅलेंडर,
त्याखाली कागदात गुंडाळलेली एक फणी.
विरळ दातांची. कधीतरी कोल्हापूरहून आणलेली,
किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.
टोकांपासून सुरुवात केली त्यानं,
गुंता सोडवत सोडवत मुळांकडे,
नीमा विंचरते तसंच.
हे त्यानं कधी विचारलं, कोणाला,
मला घरात कोणी सांगितलं नाही.
बाकावर दोघं थांबलेले. एकानं घड्याळ पाहिलं.
बाबलनं पाहिलं नाही.

गोट्याचं पोरगं पुन्हा बोललं नाही.
बरं वाटलं की कसं, कळायला मार्ग नाही,
आईवर गेलंय,
हिशोबाच्या वहीसारखा चेहरा मिटून घेतं.

बाबलनं वीस रुपये जास्त घेतले.
म्हणाला, "वेळ लागता रे."
मी मोजून दिले.