चेंजओव्हर

सावद्यात मे महिन्याच्या दुपारी
लॅपटॉप मांडीवर घेत नाही कुणी.
मी तो पाटावर ठेवते, पाटाखाली दोन विटा,
विटांमधून जो काय वारा जाईल तो त्याचा.

त्याच्या पोटात दोन कार्डं आहेत.
एक प्रोसेसरच्याच घरात राहणारं, सात-आठ वॅटवर दिवस काढणारं.
अक्षरं, रेघा, नकाशे, एवढं त्याला जमतं.
दुसरं धिप्पाड. भिंतीवर ऊन पाडायचं,
काचेत झाड उमटवायचं, की त्याला हाक मारायची.
ते येतं, पण पंख्यासकट येतं, तीस वॅट मागत,
आणि चार्ज असा उतरतो
जशी नळी निसटलेल्या ठिबकची टाकी.

नानांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले,
त्यात काय एवढं,
सिंगल फेजवर बल्ब, थ्री फेजवर मोटार.
बरोबरच होतं.
लिनक्सवर मला दोन आठवडे लागले होते.

एकदा ड्रायव्हर चढवला नि पडदा काळा,
वर डाव्या कोपऱ्यात एकच रेघ लुकलुकत.
कर्नलच्या ओळीत एक शब्द घालून परत आणला.
एकदा सगळं नीट, तरी दीड तासात बॅटरी खलास.
शोधलं तर मोठं कार्ड जागंच.
स्टेटस: ॲक्टिव्ह. काम: शून्य.
कुणी बोलावलं नाही तरी उठून बसलेलं,
नानांसारखं, बाराची लाइन दीडला येईल म्हणून
बॅटरी उशाशी घेऊन.
नानांना झोपा म्हणता येत नाही.
कार्डाला म्हटलं. फाइलीत एक ओळ लिहिली,
रीबूट केलं. झोपलं.

आज तडवी सर आले, बायकोला घेऊन.
फैजपूर रोडला प्लॉट, तीस बाय पन्नास, पूर्वमुखी.
रिटायरमेंटच्या पैशातलं घर,
बांधायच्या आधी डोळ्यांनी बघायचंय.
मी भावाच्या खोलीतला टीव्ही ओढून आणला, वायर जोडली.
नो सिग्नल.
सरांनी चष्मा पुसून पाहिला. नो सिग्नल.
मग आठवलं, टीव्हीचं ते भोक मोठ्या कार्डाचं आहे,
कंपनीने तार तिकडूनच ओढलीय,
आणि त्याला तर मीच झोपवून ठेवलंय.

आमच्या जिन्याखाली एक चेंजओव्हर आहे.
दांडा वर, एमएसईबी. दांडा खाली, इन्व्हर्टर.
मध्ये दोन बोटं जागा, तिथे काहीच नाही.
लॉग आउट म्हणजे ती दोन बोटं.
"गेलं का?" सर म्हणाले.
येतंय, म्हटलं.

आलं. टीव्हीवर घर उभं राहिलं,
पोर्चमध्ये पांढरी गाडी
(प्रत्येकाच्या पोर्चमध्ये मी तीच टाकते).
पंखा ओरडायला लागला,
पश्चिमेच्या खिडकीत ऊन दाणा दाणा जमू लागलं
आणि लाइट गेली.

इन्व्हर्टर सकाळीच रिकामा झालेला.
लॅपटॉपमध्ये बावीस टक्के.
मोठ्यावर वीस मिनिटं, लहान्यावर तासभर.
सर म्हणाले, उद्या येतो आम्ही.
मी दांडा फिरवला. पुन्हा दोन बोटं काळं.
मग पांढऱ्यावर नुसत्या रेघा,
ना ऊन, ना गाडी.

मी लॅपटॉप सरांकडे वळवला,
बाईंनी तो स्वतःकडे ओढला.
इतका वेळ त्या पाण्याचा ग्लास धरून गप्प होत्या.
बोट टेकवलं स्क्रीनवर, घामाचा ठसा उमटला.
"ही खिडकी अठी नको, माय.
चारच्या टायमाले सगळं ऊन ओट्यावर येतं."
सरकवली.
"अजून."
सरकवली.

लॅपटॉपचा पंखा थांबला होता, म्हणून
रस्त्यावर केळीच्या ट्रकमध्ये
कुणी पाला अंथरतंय तेही ऐकू येत होतं.
सतरा टक्के.
बाई आता जिन्याकडे वळल्या.