काठवट

सव्वीस वर्षं ही खिंड चढलो टपालाची थैली घेऊन,
म्हणून सांगतो : नावाचं विचाराल तर
इथं जो तो आपापली गोष्ट देतो,
पाणी द्यावं तशी, गुळाच्या खड्यासकट.

खाली गळवडीत सोनार म्हणतो, गळसरीवरून पडलं नाव;
कुणा राणीची तुटली, मणी नदीत गेले.
भोई म्हणतो, गळ. मासे धरायचा गळ.
राणी कुठनं आली इथं?
हेडमास्तर संस्कृतात शिरतात
आणि मधली सुट्टी संपेतो बाहेर येत नाहीत.
यंदा नगरपंचायतीनं ठराव केलाय, 'कलशनगर' करा म्हणून,
कारण सोयरीक जमवताना
गळवडी म्हटलं की पाहुणे हसतात.

वरच्या खोऱ्याची गोष्ट तर
तुम्ही दुसऱ्या गावाच्या नावानंही ऐकली असेल :
मोजणीचा साहेब आला, दुर्बीण रोवली,
हात गोल फिरवून विचारलं, ह्याचं नाव काय?
समोर एक बाई भाकरी थापत होती,
तिला वाटलं, पुढ्यातलंच विचारतोय.
'काठवट.'
उतरलं नकाशात.
माझा नाही विश्वास.
साहेब एवढा शहाणा
आणि आमची बाई एवढी भोळी?

मी पाहिलंय तेवढं सांगतो.
आश्विनात, सकाळी सातच्या सुमाराला,
खिंडीतल्या म्हसोबापाशी थैली टेकवावी
तर खाली धुकं, तांदळाची उकड निववत ठेवल्यासारखं.
तिन्ही बाजूंनी डोंगराची कड,
आणि उगवतीला, गळवडीच्या अंगाला, कड फुटलेली.
तिथनं सगळं गळतं :
नदी, दूध, हिरडा,
दहावी झालेली पोरं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक पत्र आलं.
ठकूबाई झोरे, वरलं घर, काठवट,
तालुका पाटण, जिल्हा सातारा.
धाडणाऱ्याचं नाव नाही. शिक्का भिवंडीचा.

ठकूबाई अंगणात काठवट धूत होती.
उंबराची. एका कडेला चीर,
चिरेवर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला, तोही सुटलेला.
मी म्हटलं, हिच्यावरनंच का गं खोऱ्याला नाव?
'आरं, सासऱ्यानं कोरली तीच मुळी
खोऱ्याकडं बघत बघत.
चीर तेवढी त्यानं केली न्हाई. ती मागनं आपसूक पडली,
पडायची तिथंच.'

मग काय बोलणार.
थैलीत उत्तर असतं तर तेही दिलं असतं, सही घेऊन.

तिनं काठवट कलती केली नाही, नुसती टेकवली दगडावर.
पाणी आपणहून चिरेकडं गेलं,
अंगण ओलांडून, शेळीच्या खुंट्याला वळसा घालून
उताराला लागलं,
गळवडीच्या वाटेला.

ठकूबाईनं लुगड्याला हात पुसले.
'हं, वाच आता,' म्हणाली,
'येतोय, का नुसती खुशालीच?'