इतर (नमूद करा)

रात्रपाळीत कपिलाबेन म्हणाल्या,
‘बेन, मूंझारो थाय छे.’
मी पडद्यावरची यादी उघडली:
छातीत दुखणे. धाप. चिंता.
आणि अगदी तळाशी, बोटाने ढकलल्यावर दिसणारं
इतर.

मूंझारो कशात बसवायचा?
तो दुखत नाही, धापही लागू देत नाही,
वीज गेल्यावरच्या पंख्यासारखा
छातीत नुसता थांबून राहतो.
दांडिया बाजारात वाढलेल्या मला तो कळतो.
आई मराठीत बोलता बोलता मध्येच हाच शब्द उचलायची,
आपल्याकडे त्याला जोड नाही म्हणून.

सात खाटा बाकी होत्या.
मी ‘चिंता’वर टिचकी मारली.
चौकट हिरवी झाली, पुढचं नाव आलं.

कपिलाबेन वाचल्या. आधीच सांगते,
नाहीतर शेवटपर्यंत तुम्ही त्यांच्याच उशाशी बसाल.
मी नाही बसले.
मी बेचाळिसाव्या वर्षी एम.एस्सी.ला बसले.

माहितीशास्त्र म्हणजे टायपिंग असेल
असं वाटलं होतं.
पागेमॅडमनी पहिल्याच तासाला विचारलं,
‘तुमच्या वॉर्डात चिंता किती जणींना होते?’

चौदा महिन्यांच्या नोंदी मागून घेतल्या, नावं पुसून.
गाळायला शिकले, जुळवायला शिकले,
शून्य आणि रिकामं यातला फरक शिकले:
शून्य म्हणजे मोजलं, काही निघालं नाही;
रिकामं म्हणजे कुणी वळून पाहिलं नाही.

चिंतेच्या रकान्यात एकशे सहा बाया.
त्यातल्या अकरा
चोवीस तासांच्या आत हृदयविभागात.
नोंदी बहुतेक रात्री दोन ते पाचमधल्या.
लॉगिन कुणाकुणाचं, विचारू नका.
एक माझं होतं.

बैठकीत मोठे डॉक्टर म्हणाले, हा वैद्यकीय शब्द नाही.
म्हटलं, नाहीच. पेशंटचा आहे.
अलकापुरीहून आलेला सॉफ्टवेअरवाला तेजेंद्र
हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
‘निवडल्यावर पुढे काय उघडू?’ एवढंच विचारलं.
ईसीजी, मी म्हणाले, आणि दहा मिनिटांची घंटी.
त्याने ‘मुंजारो’ लिहिलं.
ते मी त्याच्याकडून खोडून घेतलं.

आता नव्या पोरी तो शब्द
ताप-खोकल्यासारखा सहज दाबतात,
कुठून आला ते न विचारता. बरंच आहे.

‘इतर’ मात्र मी काढू दिलं नाही.
दर सोमवारी, चहा निवत असताना,
त्यात कोणी काय लिहिलंय ते वाचते.
बरंचसं ‘ठीक’, ‘ठीक’, ‘नातेवाईक भांडले’.

आज एकीने छोटाउदेपूरकडच्या म्हातारीचा
एक शब्द जसाच्या तसा टिपलाय,
पुढे प्रश्नचिन्ह.
मलाही नाही कळला.
खाटेचा नंबर पाहिला,
कप तसाच ठेवला
आणि जिन्याने वर निघाले.