शेजारचे दोरे

पॅच आला वेणुगोपाल चिप्पाकडून.
सोबत एवढंच : "टॉवेलचं वजन चुकत होतं.
दुरुस्त केलंय. घ्या."
कुठल्या आवृत्तीवर केलंय, ते नाही.
तारीख आहे, पण ती त्याच्या संगणकाची,
आणि त्या संगणकाचा सेल कधीच मेलाय :
एक जानेवारी, दोन हजार नऊ.

आजच्या कोडवर लावून बघितला. बसेना.
चारशे बाराव्या ओळीत तो म्हणतो 'ताणा',
माझ्या चारशे बाराव्या ओळीत नुसता कंस मिटतो.

दुपारचे तीन. अशोक चौकात
कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.

नायना जेकार्डची कार्डं पाडायचे.
कुणी फाटकी चादर घेऊन आलं
की आधी फुलाकडे बघतच नसत,
फुलाच्या शेजारी बघत.
"फूल कुणीही सारखं काढतं गं.
शेजारचे दोरे खोटं बोलत नाहीत."
मग खुंटीवरून कार्डांची माळ उतरवायची,
एकेक भोक बोटानं चाचपायचं,
आणि ठिगळाचा दोरा नंतर.

मीही शेजार बघते.
बदललेल्या जागेच्या वर तीन ओळी, खाली तीन.
वरच्या तिसरीत माझीच चूक : 'वजण'.
ती मी तीन-चारमध्ये सुधारली, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात.
म्हणजे त्याच्या मागे.
तीन-दोनवर लावते. बसतोय, बसतोय,
आणि अडतो : खाली ई-वे बिलाची ओळ,
जी तीन-दोनमध्ये नव्हतीच.

राहिली मधली. तीन-तीन.
ती मी कधी काढलीच नाही.
कोठारात नाव नाही, नोंद नाही.

काढली नाही?

चहावर साय धरते.
अक्कलकोट रोड, एमआयडीसी.
मे महिना, लाइट गेलेली,
गाजूल टेक्स्टाइलच्या तापल्या पत्र्याखाली
शेंगाचटणीच्या तेलाचे डाग पडलेलं टेबल,
त्यावर मी ठेवलेला पेन ड्राइव्ह :
"तात्पुरतं चालवा. सोमवारी नीट देते."

फोन लावते. पलीकडे माग खडखडतायत,
त्यांच्या वरून तो ओरडतो,
"तेच चालतंय की मॅडम आमच्यात!
तुमी सोमवारी देतो म्हणलेला."
पाच वर्षं झाली, वेणू.
"हां. मग मीच करत गेलो थोडं थोडं.
बाकीचे पण पाठवू काय?"
बाकीचे किती?
मध्ये नुसते माग.
"मोजले नाहीत ओ."

जुन्या पर्सच्या फाटक्या अस्तरात
सापडतो एकदाचा.
टोपण नाही, तोंडात कापसाचा धुरळा.
फुंकर मारते. लावते.
चारशे बारावी ओळ : ताणा.
पॅच बसतो, एक ओळही न सरकता.

आता कोठारात नोंद करायची :
आवृत्ती तीन-तीन.
तारखेच्या चौकटीत
कर्सर लुकलुकतो.
कुठला सोमवार लिहू?