चौसष्ट

पहाटेचे पाच. जालन्याबाहेर, अंबड रस्त्याला
सव्वीस घोडी, सव्वीस विजेऱ्या कपाळांना बांधलेल्या.
शिट्टी झाली तशी पुढची पोरं चौखूर सुटली,
धुळीत त्यांचे उजेड विझत गेले.
लवंगीनं मान ताणली, लगाम चावला.
मी तिला दुडकीवर धरलं.
पहिले दहा किलोमीटर एवढंच काम होतं:
न धावणं.

हिला माळेगावच्या बाजारातून आणलं तेव्हा
गिऱ्हाईकं तिच्या गळ्याखाली बोट दाखवून पुढं जायची.
भोवरा वाईट जागी. धन्याला खाते म्हणाले.
बापानं त्या भोवऱ्यावरून अंगठा फिरवला.
"ज्यानं डोक्यावरचे केस मोजून ठेवलेत
त्याला हा एक वळसा ठाऊक नसंल व्हय?"
अर्ध्या किमतीत मिळाली.

नियम साधा आहे.
वीस किलोमीटर झाले की उतरायचं.
डॉक्टर खतीब डाव्या कोपरामागं नळी लावतात.
वीस मिनिटांत ठोके चौसष्टावर आले तर पुढं,
नाहीतर खोगीर काढा.
तुम्ही कितवे आलात, हे त्या नळीला कळत नाही.

मोसंबीच्या बागा, ठिबकच्या नळ्या कुरतडणाऱ्या खारी,
सळयांच्या कारखान्याचा तांबूस धूर,
मग वेचणी संपलेल्या कपाशीचं काळं रान,
भेगा अशा की अख्खा खूर आत जावा.
तिथं मी उतरले, तिच्या बाजूनं चालले.
दुधनेच्या कोरड्या वाळूत परत उतरले.
मागून एकजण ओरडून गेला,
"ताई, घोडी कुणासाठी आणली?"

पाळकसाहेब म्हणतात, टिकून राहा.
मला लहानपणापासून वाटायचं, टिकणं म्हणजे चाबूक,
आणि तो आपला आपल्यालाच मारायचा.
नवरा गेल्यावर चार वर्षं तसंच केलं.
एक उपासना चुकवली नाही, एकदा रडले नाही,
पहिल्या बाकावर बसून
आतल्या आत नुसती धापत होते.

माझा बाप शद्रख, स्टेशनावर टांगा हाकायचा.
मिशन दवाखान्याचा चढ आला की
दर खेपेला खाली उतरायचा, चाकाला खांदा द्यायचा.
आत कळा देणारी बाई, तिची सासू, बोचकं;
त्यातून एका हडकुळ्या माणसाचं वजन ते किती कमी होणार!
पण घोड्याचे कान मागं वळायचे.
त्याला कळायचं, कुणीतरी उतरलंय.

मला प्रभू तिथंच दिसतो.
ढगात नव्हे. त्या चढावर,
उतरलेला, सदरा पाठीला चिकटलेला.

तिसरा थांबा. साठ किलोमीटर. ऊन टाळूवर.
बहात्तर.
ओलं फडकं मानेवर, छातीवर, मांड्यांच्या आत.
अडुसष्ट.
गुळाचं पाणी पुढं केलं. हुंगून तोंड फिरवलं.
प्रार्थना सुचली नाही, खरं तेच सांगते.
तिच्या बरगडीला कपाळ टेकून
तिच्या श्वासामागं माझा श्वास लावत राहिले.
सतराव्या मिनिटाला त्रेसष्ट.

"आता पळवून दाखव, प्रिस्किल्ला."
खतीबांनी डोळे मिटले. ते घोडं कानानं बघतात.
तीन पाय बोलत होते, मागचा उजवा गिळत होता.
त्यांनी कार्डावर आडवी रेघ मारली,
"दगड लागलाय. आठवड्यात बरी होईल. आज नाही."
आणि वाईट वाटायच्या आधी
मला हलकं वाटलं, का कोण जाणे.

दिवेलागणीला शेवटची जोडी आली.
पोरगा पायी, घोडं त्याच्या खांद्याशी,
तोच, सकाळचा.
माझ्याकडं बघून हसला, मान खाली घातली.

रात्री लवंगीच्या पायाला गार मातीचा लेप दिला.
तळवा तिच्या कोपरामागं ठेवून मोजलं.
चाळीस.
मग दोन बोटं स्वतःच्या मनगटावर.
ऐंशी.
तिथंच कडब्यावर बसून राहिले,
उतरायची वाट बघत.